शक्तीची पावडर घेण्यापूर्वी



जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात, एक लहानशी गोष्ट आहे. देशात दुष्काळ पडला होता. अलीशा संदेष्ट्याने आपल्या शिष्यमंडळीसाठी मोठे भांडे चुलीवर चढवावयास सांगितले. एक जण भाजीपाला आणण्यासाठी रानात गेला. तेथे त्याला एक रानवेल दिसली. तिची फळे त्याने ओटीभर तोडून आणली आणि चिरून भांड्यात टाकली. ती फळे कसली आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. माणसे जेवावयास बसली आणि घास तोंडात जाताच ओरडली, की या भांड्यात मरण आहे.

फळे आणणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याला भुकेल्यांना जेवू घालावयाचे होते. त्याची चूक एवढीच, की जे आपण ओळखत नाही ते रानात उगवलेले आहे म्हणून खाण्याजोगे असणार, असे त्याने धरून चालले. ही चूक आजही होते. आमच्या फिर्गजेत ती झाली, आणि तिच्यात आमचाही हात होता. म्हणून आज शेतीच्या पानावर खतांविषयी लिहिण्याऐवजी या विषयावर लिहीत आहोत.

घडलेली हकीकत

आमच्या फेस्ताच्या दिवशी एक विक्रेता चर्चच्या आवारात टेबल मांडण्याची परवानगी मागावयास आला. त्याच्याजवळ शक्तिवर्धक पावडरीच्या डब्या होत्या. डबीवर हिरवे पान छापलेले, खाली ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य, दुष्परिणाम नाही’ अशी ओळ. आम्ही डबी हातात घेऊन पाहिली. मागची बारीक अक्षरे मात्र वाचली नाहीत. फेस्ताच्या धावपळीत परवानगी देऊन मोकळे झालो.

आमच्या एका शेतकरी बांधवाने त्या दिवशी दोन डब्या घेतल्या. त्याच्याच संमतीने हे लिहीत आहोत. नाव देण्याचे कारण नाही. वय पन्नाशीपुढचे, डोंगरावर काजूची बाग, खाली थोडे वायंगण. रक्तदाबाची गोळी तो काही वर्षांपासून आरोग्यकेंद्रातून नेत असे. काजूच्या मोसमात गडी मिळेनासे झाले, तेव्हा त्याने डबी उघडली. पहिले काही दिवस अंगात वारे शिरल्यासारखे काम झाले. एका चमच्याचे दोन झाले. पुढे रात्री झोप येईना, हात कापू लागले, छातीत धडधड होऊ लागली. त्याला वाटले उन्हाचा त्रास आहे, म्हणून त्याने दुपारी आणखी एक चमचा घेतला. एप्रिलमधल्या एका दुपारी बोंडू गोळा करता करता तो झाडाखाली कोसळला. वाड्यावरच्या मुलांनी १०८ ला फोन केला म्हणून तो वेळेवर इस्पितळात पोहोचला.

तेथे रक्तदाब फारच चढलेला आणि नाडी अनियमित आढळली. डॉक्टरांनी दोनदा विचारले, ‘कोणते औषध घेता?’ त्याने दोनदा उत्तर दिले, ‘प्रेशरची गोळी, आणखी काही नाही.’ तिसऱ्या दिवशी त्याच्या पत्नीने डबी नेऊन दाखवली, तेव्हा कोडे उलगडले. आम्ही भेटावयास गेलो असता त्याला विचारले, ‘बाबा, डॉक्टरांना का नाही सांगितलेस?’ तो म्हणाला, ‘फादर, तां खंय वखद? झाडपालो तो.’

तो खोटे बोलला नव्हता. झाडपाला म्हणजे औषध नव्हे, आणि औषध नव्हे म्हणजे अपायही नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आपल्यापैकी पुष्कळांची हीच समजूत आहे, आणि ती चुकीची आहे.

चाबूक आणि चारा

थकलेल्या बैलाला चाबूक मारला तर तो चार पावले जोराने टाकतो. पण चाबकात बळ नसते. बैलाच्या अंगात जे शिल्लक असते तेच तो बाहेर काढतो. बळ येते ते चाऱ्याने, पाण्याने आणि विसाव्याने. उत्तेजक वनस्पतींचे असेच आहे. त्या नवी शक्ती देत नाहीत. हृदयाचे ठोके वाढवतात, रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढवतात, झोप आणि थकवा यांची जाणीव मारतात. थकवा मात्र तेथेच राहतो. आपल्याला तो कळेनासा होतो इतकेच.

त्या डबीच्या मागे ग्वाराना, हिरव्या चहाचा अर्क आणि ‘विशेष वनस्पतींचे मिश्रण’ अशी नावे होती. ग्वाराना ही दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातील वेल. तिच्या बियांत कॅफीन असते, आणि वजनाने पाहता ते कॉफीच्या बियांतील कॅफीनपेक्षा जास्त असते. एका कप कॉफीत सुमारे ८० ते १०० मिलिग्रॅम कॅफीन असते, चहात साधारण त्याच्या निम्मे. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत सहसा अपाय होत नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे म्हणणे आहे. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रोग्यांनी मात्र हा आकडा आपला मानू नये. डबीवर तर किती मिलिग्रॅम हे लिहिलेलेच नव्हते. चहाचे कप आपण मोजू शकतो. चमच्यात किती कप आहेत हे ज्याला कळत नाही, त्याने मोजावे काय?

एका वनस्पतीचा इतिहास

जगाला हा धडा एकदा फार महाग पडला आहे. चीनमध्ये शेकडो वर्षे ‘मा हुआंग’ नावाची वनस्पती सर्दी व दम्यावर वापरली जात आली. तिच्या जातीची झुडपे आपल्या हिमालयातही उगवतात. आपल्याकडे तिला सोमलता म्हणतात. शास्त्रीय नाव इफेड्रा. १८८५ साली नागाई नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने तिच्यातून इफेड्रीन हे द्रव्य वेगळे काढले. वैद्याच्या हाती, थोड्या मात्रेत, रोग पाहून दिलेले ते औषधच होते.

पण १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत या वनस्पतीचा अर्क गोळ्यांत भरून, बहुधा कॅफीन मिसळून, शक्तीसाठी आणि वजन उतरवण्यासाठी विकला जाऊ लागला. कायद्याने तो औषध नव्हता, पूरक आहार होता; म्हणून विकण्यापूर्वी तो सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याची सक्ती नव्हती. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात दोन डॉक्टरांनी अशा १४० तक्रारींची छाननी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३१ टक्के तक्रारींत दोष निश्चितपणे किंवा बहुधा त्या गोळ्यांचाच होता, आणखी ३१ टक्क्यांत तो असण्याची शक्यता होती. या सर्वांत मिळून १० मृत्यू आणि कायमचे अपंगत्व आलेली १३ प्रकरणे होती. वाढलेला रक्तदाब, धडधड, पक्षाघात आणि झटके ही मुख्य लक्षणे.

फेब्रुवारी २००३ मध्ये फ्लोरिडा येथे बेसबॉलचा एक २३ वर्षांचा खेळाडू सरावात उष्माघाताने कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्या मृत्यूस उन्हाबरोबर इफेड्राचाही हातभार लागला, असा मत्यूची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा निर्णय झाला. शेतकऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. ही द्रव्ये शरीरात उष्णता वाढवतात आणि त्वचेकडील रक्तवाहिन्या आकसून ती उष्णता बाहेर पडू देत नाहीत. थंड खोलीत बसणाऱ्याला जे कदाचित सोसेल, ते एप्रिलमध्ये काजूच्या डोंगरावर सोसणार नाही. अखेर १२ एप्रिल २००४ पासून अमेरिकेने इफेड्रा असलेल्या पूरक आहारावर बंदी घातली.

बंदीनंतर व्यापार थांबला नाही. कडू संत्र्याच्या सालीचा अर्क, आफ्रिकेतील योहिंबे झाडाची साल, ग्वाराना अशी दुसरी नावे डब्यांवर आली. यांतही हृदय आणि रक्तदाब यांवर परिणाम करणारी द्रव्ये आहेतच.

आपल्या रानातले उदाहरण पाहावयाचे तर काजरा घ्या. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या डोंगरांवर वावरणाऱ्याला हे झाड दाखवावे लागत नाही. याच्या बीला वैद्य कुचला म्हणतात. तिच्यात स्ट्रिक्नीन हे जहाल विष असते. एके काळी तेच विष अगदी थोड्या मात्रेत शक्तिवर्धक म्हणून दिले जाई. १९०४ साली सेंट लुईस येथील ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या टॉमस हिक्सला वाटेत ब्रँडीबरोबर स्ट्रिक्नीन पाजण्यात आले होते. तो जिंकला, पण शेवटी त्याला धरून न्यावे लागले आणि तो मरता मरता वाचला. वैद्य कुचल्याची शुद्धी केल्यावाचून ते वापरत नाहीत, आणि कायद्यानेही ते विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. काजरा शंभर टक्के वनस्पतिजन्यच आहे. पण म्हणून कोणी त्याची बी चावून खात नाही.

डबीत आणखी काय असते?

उत्तेजक द्रव्यांखेरीज आणखी तीन धोके आहेत.

पहिला धोका भेसळीचा. वनस्पतीच्या नावाने विकलेल्या पावडरींत इंग्रजी औषधे लपवून मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. सांधेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड निघते. दुखणे जादूसारखे थांबते, पण रक्तातील साखर वाढते, तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात. पुरुषांच्या ‘ताकदी’च्या गोळीत सिल्डेनाफिल निघते, छातीदुखीसाठी जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या रोग्याने ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून प्राण जाऊ शकतो. काही औषधांत जड धातू असतात. बोस्टन शहरातील दुकानांतून घेतलेली दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली असता १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, असा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला.

दुसरा धोका ओळखीचा. अलीशाच्या शिष्याची चूक ती हीच. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईच्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. हा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी काहींना आधीपासून छुपा यकृतविकार असावा, असेही डॉक्टरांना दिसले. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली, की गुळवेल सुरक्षित आहे. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असू शकते, आणि आधी वनस्पतीची ओळख पटवावयास हवी होती. हा वाद विद्वानांनी मिटवावा. आपल्यासाठी दोन्ही बाजूंचा अर्थ एकच होतो. वेल योग्य असली तरी प्रत्येकाला मानवेल असे नाही. आणि वेल ओळखण्यात चूक झाली तर धोका आहेच.

आपल्या परसातला दुधीसुद्धा एखादे वेळी कडू निघतो. दिल्लीत २०१० साली दुधीचा कडू रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि कडू लागलेला रस मुळीच पिऊ नये असा सल्ला तिने दिला. आपल्या आयांना हे ठाऊक होते. त्या दुधीचा तुकडा चाखून मगच भाजी करीत. पावडर झाली की चाखण्याचा हा मार्ग बंद होतो.

तिसरा धोका दुसऱ्या औषधांशी होणाऱ्या झगड्याचा. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरते. अश्वगंधेने थायरॉइडच्या औषधाचे गणित बिघडू शकते, आणि तिने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. साखर कमी करणारे काढे मधुमेहाच्या गोळीबरोबर घेतले तर साखर नको इतकी उतरते. म्हणून डॉक्टर जेव्हा ‘काय घेता?’ असे विचारतात, तेव्हा डबी, पुडी, काढा, सर्व सांगावे.

आमचा रोख कोणावर नाही

हे वाचून कोणी म्हणेल, फादर आयुर्वेदाविरुद्ध बोलतात. तसे मुळीच नाही. बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वाचा. औषधे देवाने जमिनीतून निर्माण केली आहेत, शहाण्याने ती तुच्छ मानू नयेत, आणि वैद्याला मान द्यावा, असा त्याचा आशय आहे. संत पौलानेही तिमथ्याला पोटाच्या विकारासाठी द्राक्षारस सुचवला, पण तो थोडा घेण्यास सांगितले. मात्रेचा विचार तेथेही आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ १५६३ साली आपल्या गोव्यातच छापला गेला. युरोपच्या वैद्यांनी आपल्या झाडपाल्याचे ज्ञान त्यातून घेतले. आणि आता तर पेडणे तालुक्यातच, धारगळ येथे, अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे इस्पितळ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. शिकलेला वैद्य इतक्या जवळ असताना फेरीतल्या टेबलावरून औषध का घ्यावे?

आजीचा ओव्याचा किंवा सुंठीचा काढा आणि ही डबी यांत फरक आहे. आजीला झाड ठाऊक होते, मात्रा ठाऊक होती, आणि दोन दिवसांत गुण आला नाही तर ती डॉक्टरकडे पाठवीत असे. डबी मात्र रोज, महिनोन्महिने घ्यावयास सांगते.

थकव्यालाही काही कारण असते हे विसरू नये. रक्त कमी असणे, मधुमेह, थायरॉइड, क्षय, हृदयाचा विकार, या सर्वांची सुरुवात थकव्यानेच होऊ शकते. चाबकाने थकवा झाकला तर आजार आत वाढत राहतो.

पुढील गोष्टी पाळाव्यात

१. डबीच्या मागची अक्षरे वाचावीत. दिसत नसतील तर मुलांकडून वाचून घ्यावीत. घटकांची नावे असून प्रमाण नसेल, किंवा परवान्याचा क्रमांक नसेल, तर ती घेऊ नये.

२. पूरक आहाराच्या डबीवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ या अर्थाचा इंग्रजी मजकूर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. तीच डबी दाखवून विक्रेता रोग बरा होईल म्हणत असेल, तर तो फसवीत आहे. मधुमेह, हृदयविकार, लैंगिक शक्ती यांवर हमखास उपायाची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

३. रक्तदाब, हृदय, मधुमेह, थायरॉइड, यकृत किंवा मूत्रपिंड यांचा विकार असणाऱ्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे काहीही घेऊ नये. लहान मुलांना तर देऊच नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर जे घेत असाल ते आधीच सांगावे.

४. एखादी पावडर घेतली म्हणून डॉक्टरांची गोळी सोडू नये. तसेच सांधेदुखीची अनोळखी पुडी फार दिवस घेत असाल तर ती एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवावी. तिच्यात स्टेरॉइड असेल तर एकदम थांबवणेही घातक असते.

५. छातीत दुखणे, धडधड, घेरी, एका बाजूची शक्ती जाणे, बोबडी वळणे, झटके येणे, असे काही झाले तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे ही यकृताची लक्षणे आहेत; त्याच दिवशी आरोग्यकेंद्र गाठावे. डबी बरोबर न्यावी.

६. मोसमात डोंगरावरचे काम पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी आटपावे. मीठ घातलेली पेज, भिरंडाच्या सोलांचे पाणी, दुपारचा विसावा आणि रात्रीची पुरी झोप, याहून चांगला चारा नाही.

आमची चूक आणि आमचा निश्चय

आमच्या त्या बांधवाची प्रकृती आता बरी आहे. तो गोळी नियमाने घेतो, आणि बोंडू वेचावयास मुलगा रजा काढून येतो. आम्ही त्याची क्षमा मागितली, कारण चर्चच्या आवारात मांडलेली वस्तू म्हणजे फादरांनी पारखलेली वस्तू, असाच त्याचा समज झाला होता. यापुढे फेस्ताच्या फेरीत चर्चच्या आवारात औषध वा शक्तिवर्धक विकण्यास परवानगी मिळणार नाही. तसेच येत्या रविवारी सकाळच्या मिसेनंतर आपल्या फिर्गजेतील एक डॉक्टर सभागृहात बसणार आहेत. घरात ज्या डब्या, बाटल्या, पुड्या असतील त्या सर्व घेऊन या. कोणी कोणाला हसणार नाही. पहिली डबी आमचीच असेल. विक्रेत्याने भेट दिलेली ती अजून कपाटात पडून आहे.

अलीशाच्या गोष्टीत पुढे कोणी मेले नाही. ज्यांनी पहिला घास घेतला ते लाजून गप्प बसले नाहीत, ते ओरडले, म्हणून बाकीचे वाचले. आपल्या बांधवाने स्वतःची हकीकत छापू दिली ती याच कारणासाठी. त्याचे उपकार मानू या, आणि तुमच्या घरात असे काही घडले असेल तर तुम्हीही गप्प राहू नका.

प्रभू तुमच्या शेताला पाऊस, कष्टांना फळ आणि शरीराला विसावा देवो.